आधी झडती, मग बोलावणं

वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. अमरावती जिल्ह्यातही आसेगाव आहे. ओळखू यावं म्हणून लोक त्याला आसेगाव पूर्णा म्हणतात. तिथेही पोलीस ठाणं आहे. एरवी या नामसाम्याने कुणाचं काही अडत नाही. टपाल चार दिवस इकडेतिकडे फिरून पोहोचतं, एखादा पाव्हणा भलत्याच एसटीत बसतो आणि नंतर लग्नात त्याची थट्टा होते. पण नाल्याला पूर आलाय, माणसं झाडावर अडकलीत आणि समोरून फक्त खरखर ऐकू येतेय, अशा वेळी ‘आसेगावला बोट पाठवा’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या आसेगावला?

हौशी बिनतारीवाले, म्हणजे जगभर ज्यांना हॅम म्हणतात ती मंडळी, अशा वेळी गावाचं नाव नुसतं घेत नाहीत, अक्षर अक्षर सुटं करून सांगतात: अल्फा, सिएरा, एको, गोल्फ, अल्फा, ऑस्कर, नोव्हेंबर. मग तालुका, मग जिल्हा. ऐकणारा तेच परत म्हणून दाखवतो. निरोपात शब्द किती, हे आधीच सांगितलेलं असतं. उतरवून घेणारा शब्द मोजतो आणि एक कमी भरला तर निरोप पुन्हा मागतो. पाहणाऱ्याला हा सगळा प्रकार अतिशय रटाळ वाटतो, आणि आहेही तसाच. या रटाळपणाची सवय ज्यांनी वर्षानुवर्षं विनापगारी लावून घेतली, त्यांची महाराष्ट्रातली गोष्ट मात्र रटाळ नाही. सरकारने त्यांचे संच जप्त केले आहेत, त्यांच्या कामावरून खटले चालवले आहेत, आणि धरणी हादरली की त्यांनाच साद घातली आहे. शंभर वर्षं हा धास्तीचा आणि गरजेचा खेळ चालू आहे.

भारतात या छंदाची सुरुवात कलकत्त्यात झाली. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली पहिला हौशी परवाना मिळाला. त्यांची खूण होती २जेके. मुंबईही फार मागे नव्हती. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने हवेत कार्यक्रम सोडला. आकाशवाणीचा जन्म व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. देशात ध्वनिक्षेपणाचा इतिहास सांगताना आजही सुरुवात या क्लबापासून करतात. म्हणजे भारतीय रेडिओ सरकारी खात्यातून निघाला नाही. काही हौशी लोकांनी तारा, गुंडाळ्या आणि दिवे जोडून तो आधी घरात वाजवला आणि सरकार मागाहून आलं. १९३०च्या दशकातही परवानेधारक पन्नासच्या आतच होते, आणि त्यांतले बरेचसे लष्करातले गोरे अधिकारी. १९२९ पासून भारतीय हॅमच्या खुणेपुढे ‘व्हीयू’ ही अक्षरं लागू लागली, ती आजतागायत आहेत.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि पहिली झडती आली. परवाने बंद झाले, संच पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम सुटले. कारण उघड होतं. ज्याच्या घरातून शंभर मैलांवर आवाज जातो, त्याच्या घरातून शत्रूलाही तो जाऊ शकतो.

सरकारची शंका खोटी नव्हती, हे तीन वर्षांनी मुंबईतच सिद्ध झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र चालवलं. विचार तरुणांचा होता, पण ट्रान्समीटर जोडायचा कोणी? ते ज्ञान शहरात मोजक्या लोकांपाशी होतं, आणि ते लोक म्हणजे परवाने गमावलेले हॅम. नरिमन प्रिंटर आणि बॉब तन्ना ही दोन नावं या कथेत येतात ती अशी. केंद्राची जागा सारखी बदलत असे. गिरगाव, चौपाटी, महालक्ष्मी अशा भागांत भाड्याच्या खोल्या घेऊन, पोलिसांच्या शोधगाड्यांना हुलकावण्या देत ते दोन-अडीच महिने चाललं.

या केंद्रावरून काय बोललं जात होतं, तेही पाहण्यासारखं आहे. भाषणं होती, गाणी होती, पण खरी किंमत बातम्यांना होती. आष्टी आणि चिमूर ही विदर्भातली गावं. ऑगस्ट ४२ मध्ये तिथे उठाव झाला आणि मागोमाग दडपशाही. वर्धा आणि चांदा जिल्ह्यांतल्या या गावांत काय घडलं, हे छापायला वर्तमानपत्रांना मनाई होती. काँग्रेस रेडिओने ते हवेत सोडलं. वऱ्हाडाच्या शेजारची ही बातमी माणसांच्या हातून मुंबईला पोहोचायची आणि तिथून लघुलहरींवर देशभर जायची. संकटात अडकलेल्या गावाचा आवाज बाहेर काढणं हेच जर आपत्कालीन संपर्काचं काम असेल, तर महाराष्ट्रातल्या हौशी तंत्रज्ञांनी ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते असं, बेकायदा.

१२ नोव्हेंबर १९४२ला पोलिसांनी छापा घातला. खबर आतूनच फुटली होती आणि ती फोडणारा तंत्रज्ञच होता, ही या कथेतली कडवट बाजू. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्यात गेल्या. खटल्यात नानक मोटवानी हेही आरोपी होते. काँग्रेसच्या सभांना ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे पुरवणारं घराणं त्यांचंच. ते सुटले.

पुढे आणखी एकदा सह्याद्रीत असाच प्रकार झाला. गोवा पोर्तुगिजांकडे होता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या रानातून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गुप्त रेडिओ चालवला. आंबोलीचा पाऊस, कॅसलरॉकचं जंगल, आणि सोबत ट्रान्समीटर. गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर १९६१ पर्यंत, तो बोलत राहिला. हे दोघं हॅम नव्हते, ते चळवळीतले लोक. पण दोन माणसं आणि एक संच एवढ्यावर सरकारला किती घाम फुटू शकतो, हे या केंद्रानेही दाखवलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा अनेक मराठी वाचकांनी या रेडिओचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

स्वतंत्र भारताने ब्रिटिशांची धास्ती वारसाहक्कानेच घेतली, फक्त तिला नियमांचा सदरा चढवला. १५ मे १९४८ला महू इथल्या लष्कराच्या सिग्नल्स शाळेत अ‍ॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. सहा वर्षांनी तो दिल्लीला गेला आणि त्याचं नाव अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झालं. १९७८ साली हौशी सेवेचे सविस्तर नियम आले. परीक्षा द्यायची, त्यात विजेचं आणि रेडिओचं शास्त्र, नियम आणि मोर्स. मग अर्जदाराच्या चालचलणुकीची सरकारी चौकशी. परीक्षेत पास झालेला पोरगा परवाना हातात येईपर्यंत पुढच्या यत्तेत गेलेला असायचा, हा जुन्या हॅम मंडळींचा आवडता विनोद.

परवाना मिळाल्यावर बोलायचं काय, यावरही बंधनं. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, तिऱ्हाइताचे निरोप एरवी पोहोचवायचे नाहीत. मग उरतं काय? सकाळी ठरल्या वेळी ठरल्या जागी सगळे जमतात, त्याला नेट म्हणतात. एक जण हजेरी घेतो. प्रत्येक जण आपली खूण सांगतो, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगतो, ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे खणखणीत. मग हवा, पाऊस, नवीन एरियल. निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’ म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. लांबच्या स्टेशनाशी बोलणं झालं तर टपालाने कार्ड पाठवायचं, आणि आलेली कार्डं भिंतीवर लावायची. घरातल्यांना हे खूळ कधीच कळत नाही. पाच हजार किलोमीटरवरच्या माणसाला पाऊस कसा आहे विचारायला इतका खर्च? पण या हजेरीत दोन गोष्टी अंगवळणी पडतात. एका वेळी एकानेच बोलायचं. आणि खरखरीतून कामाचं तेवढं वेचून कागदावर उतरवायचं. सरकारी कंट्रोल रूममध्ये संकटाच्या पहिल्या तासाला नेमक्या या दोन गोष्टींची टंचाई असते.

वऱ्हाडातल्या खेड्यांत याच काळात निरोपाची वेगळी व्यवस्था होती. कोतवाल डफडं किंवा हलगी घेऊन चौकाचौकात दवंडी द्यायचा; पोलीस पाटील सायकलवर किंवा बैलगाडीने ठाण्यात वर्दी द्यायला जायचा. गावातून गावात सांगायला ती व्यवस्था पुरेशी होती आणि तिच्यावर लोकांचा विश्वासही होता, कारण दवंडी देणारा ओळखीचा असायचा. गावातून बाहेर सांगायला मात्र दिवस मोडायचा. तार करायची तर तारघर असलेल्या गावी जायचं. पुढे पोलीस ठाण्यांत बिनतारी संच आले, तहसीलला फोन आले, ऐंशीच्या दशकाअखेर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. सगळं तारेवर आणि विजेच्या खांबांवर टांगलेलं.

ते सगळं एकदम खाली आलं ते ३० सप्टेंबर १९९३ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची इतर गावं बसली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. जगाच्या हिशेबात मध्यमच, पण तो उथळ होता आणि घरं दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. ऊन अडवणारं, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. मृतांचा आकडा वेगवेगळ्या अहवालांत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिसतो. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

मुख्यमंत्री शरद पवार तेव्हा मुंबईत विसर्जन पार पडल्याची खात्री करून नुकते आडवे होत होते. तावदानं हादरली म्हणून त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला, आणि केंद्रबिंदू लातूरकडे असल्याचं तिथून कळलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. कोयनेला ती यंत्रणा सज्ज होती याचंही कारण भूकंपच, ११ डिसेंबर १९६७चा. किल्लारीची खबर मुंबईला सह्याद्रीतल्या यंत्राने दिली. किल्लारीतून माणसाचा आवाज यायला वेळ लागला. मोबाइल अजून भारतात यायचा होता. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा. पाठोपाठ पाऊस कोसळला, रस्ते बघ्यांच्या गाड्यांनी तुंबले, आणि मदत घेऊन निघालेल्यांना कुठे काय लागतंय हेच कळेना. एका गावात ब्लँकेटांचा ढीग, पुढच्या गावात कुदळीही नाहीत.

हॅम मंडळींना काम मिळालं ते या गोंधळात. महाराष्ट्रातल्या ऑपरेटरांबरोबर हैदराबादेहूनही लोक आले. हैदराबाद किल्लारीला मुंबईपेक्षा बरंच जवळ, आणि तिथे एस. सुरी यांनी १९८३ साली काढलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ ही संस्था होती. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांमुळे आपत्तीत संच कसा उभारायचा याचा तिथे विचार झालेला होता. या कामाचं वर्णन नाट्यमय होत नाही. कुणी ढिगाऱ्यातून मूल काढलं तर त्याचा फोटो छापून येतो. कुणी ‘सलाइनच्या बाटल्या, दोनशे, अमुक गावच्या शाळेत’ हा निरोप तीनदा वाचून नीट पोहोचवला तर त्याचा फोटो काय काढणार? आपत्तीतल्या बिनतारी कामाचा निम्मा वाटा असा मागण्यांच्या याद्यांचा आणि उरलेला निम्मा खुशालीचा असतो. ‘आम्ही सुखरूप’ हे दोन शब्द आणि खाली नाव, गाव.

संच उभारणं किती सोपं असतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्यातच सगळी मेख आहे. साधी तांब्याची तार घ्यायची, साधारण वीस मीटर. मध्ये कापून तिथे केबल जोडायची, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे हात. बांधावरची दोन झाडं गाठून ती दोन-तीन पुरुष उंचीवर ताणून बांधायची, टोकांना दोरी, म्हणजे तार झाडाला टेकू नये. झाला डायपोल. खालच्या संचाला १२ व्होल्टची बॅटरी, ट्रॅक्टरचीही चालते. दिवसा सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोललं की लहरी बऱ्याचशा उभ्या वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला आपटून परत खाली येतात आणि आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर पाऊस पडावा तशा पडतात. मध्ये डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण त्या त्याच्या डोक्यावरून जातात. वाटेत टॉवर लागत नाही, एक्स्चेंज लागत नाही, बिल येत नाही. रात्री हा थर बदलतो, मग खालच्या पट्ट्यात उतरावं लागतं. कधी कुठे जायचं हे रोजच्या नेटवर बसणाऱ्याला न सांगता कळतं. गावातल्या गावात, पथकापथकांत बोलायला हातात मावणारे छोटे संच, पण त्यांना समोर मोकळी दृष्टी लागते. डोंगरावर रिपीटर, म्हणजे आवाज झेलून पुढे फेकणारा संच, असला तर पल्ला वाढतो. पठारावरच्या वऱ्हाड-मराठवाड्यात ते लांबवर ऐकू जातात, कोकणच्या खोऱ्यांत वळणापलीकडेही जात नाहीत.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, आणि राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करायला घेतला तोही याच कार्यक्रमात. मंत्रालयात नियंत्रण कक्ष आला, जिल्ह्याजिल्ह्यांत आराखड्यांच्या जाड फायली आल्या. वाशिम जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ला वेगळा झाला, त्यामुळे त्याची फाइलही नवी कोरी होती.

२६ जानेवारी २००१ला, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, झेंडावंदनाच्या वेळेला कच्छ हादरलं. हा भूकंप किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा, ७.७ तीव्रतेचा. भूजचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. गुजरातमधले हॅम आधी पोहोचले, मग इतर राज्यांतले. मुंबईला या बातमीचा चटका वेगळा होता: मुलुंड, घाटकोपर, दादर, मस्जिद बंदर इथल्या कच्छी घरांतली म्हातारी माणसं तिकडे होती. भचाऊ, अंजार, रापर ही गावांची नावं अचानक सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आली. लाइन लागत नव्हती, आणि लहरींवर ‘अमुक आजी जिवंत आहेत, मांडवीत भावाकडे’ अशा जातीच्या चार-सहा शब्दांच्या चिठ्ठ्यांना सोन्याचं मोल आलं.

धास्ती आणि गरज यांची सगळ्यात चमत्कारिक गाठ पडली ती मात्र अंदमानात. संवेदनशील प्रदेश म्हणून ही बेटं १९८७ पासून हौशी रेडिओला बंद होती. जगभरचे हॅम अंदमानशी बोलणं व्हावं म्हणून तिष्ठत होते. दुर्मीळ प्रदेशाची नोंद हा त्यांच्या छंदाचा कळसच. भारती प्रसाद या हैदराबादच्या संस्थेतल्या ऑपरेटर वर्षानुवर्षं दिल्लीत अर्ज-विनंत्या करत होत्या. अखेर परवानगी मिळाली आणि डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला त्यांच्या चमूने व्हीयू४आरबीआय या खुणेने स्टेशन लावलं. महिनाभर जगाशी गप्पा मारायच्या, कार्डं वाटायची, परत यायचं, एवढाच बेत. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली आणि मागून समुद्र आला. निकोबारशी संपर्क गेला. ज्या सरकारने सतरा वर्षं या बेटांवर खासगी ट्रान्समीटर येऊ दिला नव्हता, त्याच्याच कार्यालयात आता हॅमचं स्टेशन चालू लागलं. चमूतले काही जण कार निकोबारलाही गेले. परवानगीचा कागद महिनाभर उशिरा निघाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न कुठल्या फाइलीत नोंदवलेला नसणार.

याच सुमारास जगाचे नियमही सैल होत होते. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने, हौशी ऑपरेटरांना आपत्तीच्या कामाची पूर्वतयारी करू द्यावी, असं देशांना सुचवलं, आणि मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्तीही काढली. भारतात आता रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन परवाने आहेत; पहिल्याला मोर्स लागत नाही. जुन्या ऑपरेटरांना हे अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की आवाज बुडतो तिथेही ‘डा-डिट’ तरंगत राहतं. शास्त्र म्हणून ते खरंच आहे.

५ मे २००५ला इस्रोने हॅमसॅट सोडला. ४२.५ किलोचा उपग्रह, खास हौशी लोकांसाठी. त्यातला एक ट्रान्सपॉन्डर भारतीय हॅमनी बनवलेला आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने. २०१४ पर्यंत तो चालला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी एक किलोहून किंचित हलका ‘स्वयम्’ बनवला, तो २२ जून २०१६ला आकाशात गेला. त्याचं बोलणंही हौशी पट्ट्यातलंच. सरकारी खाती हॅमना इतकी वर्षं संशयाने न्याहाळत असताना सरकारच्याच अवकाश संस्थेने त्यांना स्वतंत्र उपग्रह द्यावा, हा विरोधाभास गोड म्हणायचा.

मग मोबाइलने सगळं झाकोळून टाकलं. प्रत्येकाच्या खिशात फोन आल्यावर तारा ताणणाऱ्यांची गरज काय, असं बऱ्याच जणांना वाटू लागलं. २६ जुलै २००५ने मुंबईला याचं उत्तर दिलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन मुके झाले. ३० जुलै २०१४ला माळीण गावावर डोंगर आला तेव्हा तर तंत्रज्ञान जवळजवळ शून्यावर होतं. सकाळी नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, आणि बाहेर खबर गेली ती त्याच्याकडून. दीडशेच्या वर माणसं गेली. आराखडे होते, कक्ष होते, आणि पहिला निरोप्या निघाला एसटीचा ड्रायव्हर.

आता इशारे देणाऱ्या व्यवस्था पुष्कळ आहेत आणि त्या वाईट नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप वीज कोसळण्याआधी सावध करतं. सोयाबीनच्या पेरणीला शेतात उतरलेल्या विदर्भातल्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको. २०२३च्या जुलैमध्ये महाराष्ट्रभर एकाच वेळी फोन किंचाळले, तो सरकारच्या नव्या इशारा पद्धतीचा सराव होता. अनेक जण घाबरले. पण या सगळ्या पद्धती वरून खाली बोलतात. त्या गावाला सांगतात, गावाचं ऐकत नाहीत. आणि वादळाने वीज जाऊन टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की सांगणंही थांबतं. उलट दिशेने, खालून वर बोलणारी आणि टॉवरवाचून चालणारी सोय म्हणजे पोलिसांचा बिनतारी संच, आणि दुसरी, गावात कुणी असलाच तर, हॅम.

तो बहुतेक गावांत नसतो. महाराष्ट्रातला हौशी रेडिओ अजून मुख्यतः मुंबई-पुण्याचा, मोठ्या शहरांचा, अभियंत्यांचा आणि निवृत्तांचा आहे. संच महाग, ही एक अडचण; आणि हा छंद आहे हे सांगणारं गावात कुणी नाही, ही त्याहून मोठी. अंतराची अडचण मात्र मुळीच नाही. वाशिमहून हैदराबाद, पुणे, मुंबई ही सगळी हवाई अंतराने तीनशे ते पाचशे किलोमीटरमध्ये येतात, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झच्या दिवसाच्या पल्ल्यात किंवा त्याच्या काठावर. परीक्षेला वऱ्हाडातल्या मुलांना वर्षानुवर्षं नागपूरचं केंद्र जवळ होतं. अर्जाचा कागद आता ‘सरल संचार’ पोर्टलवर भरता येतो, आणि बारा वर्षांपुढचं कुणीही तो भरू शकतं. जुन्या पद्धतीत मंगरुळपीरकडच्या अशा पोराची चालचलणूक तपासण्याचं काम फिरत फिरत आसेगावच्याच ठाण्यात आलं असतं. आणि पुरात ठाण्याच्या एरियलवर झाड पडलं, तर त्याच ठाण्याचा शिपाई त्याच पोराच्या दाराची कडी वाजवायला आला असता.